व्यंकटमामांची दौऱ्याची यादी

दौऱ्यावर निघालेला कुणी माझ्या टेबलापाशी येऊन, "ताई, असं तिकीट काढा की डोक्याला ताप नको," म्हणाला की माझंच डोकं फिरतं. ताप नको म्हणे! मी खाली मान घालून तिकीट काढते. पण हात चालत असतो आणि डोळ्यापुढं व्यंकटमामा उभे असतात. घरापासून हजार कोसांवर जाऊनही डोक्याला ताप कसा नसावा, हे त्या माणसाइतकं कुणाला जमलं नाही. आणि त्याचं जे झालं ते वैऱ्याचंही होऊ नये.

आमचा कारखाना लातूरच्या एमआयडीसीत. डाळमिलची यंत्रं बनवतो आम्ही. यंत्र इथं बनतं, पण बसतं पार बिहारात, छत्तीसगडात, आसामात. ते तिथं जाऊन बसवायचं, चालू करून द्यायचं, तिथल्या माणसांना शिकवायचं, हे काम मामांचं. मूळचे उदगीरकडचे. बुटका माणूस, जाड भिंगाचा चष्मा, आणि शर्टाच्या खिशाला आतून कायम दोन सेफ्टी पिना. वर्षातले सहा-सात महिने ते बाहेर. त्यांची तिकिटं काढायला मी होते, म्हणून आमची ओळख, आणि नंतर ओळखीच्या पुढचं सगळं.

पहिल्याच खेपेला त्यांनी माझं तिकीट परत केलं. मी हुशारी करून गाडी बदलायला चाळीस मिनिटं ठेवली होती. म्हणाले, "सुनंदा, च्यार तास ठेव. मधी वेळ असला की माणूस पळत न्हाई. पळणारा माणूस वस्तू इसरतो, आन इसरलेला माणूस चिडतो. चिडलेल्या माणसानं मशीनीला हात लावायचा न्हाई." मी मनात म्हटलं, काय खडूस म्हातारा आहे. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते, पण मला राग आला की समोरचा म्हातारा दिसतो.

नवं तिकीट द्यायला घरी गेले तर दारातच मामी आडव्या आल्या. अनसूयामामी, मोठ्या आवाजाच्या, उंच बाई. "हळू ये गं," म्हणाल्या, "पाव्हणे जेवायलेत." बघते तर मामा स्वतःच्याच घरात भिंतीला टेकून, मांडीवर बॅग घेऊन, स्टीलच्या छोट्या ताटलीत धपाटं खात बसलेले. घरातली एक वस्तू जवळ नाही.

ही त्यांची तालीम. निघायच्या आदल्या दिवशी अख्खा दिवस ते घरातच परगावी असायचे. अंघोळ बॅगेतल्या साबणानं, टॉवेल बॅगेतला, दुपारी पडायचं ते बॅगेतल्या चादरीवर. जे कमी पडेल ते कागदावर लिहायचं, पण घरातून घ्यायचं नाही. एकदा मीठ विसरले, तर दिवसभर अळणी जेवले. मामी समोर बसून मिठाचा डबा हलवून दाखवायच्या, "पाव्हणे, देऊ का चिमूटभर? घरचं समजा." हे हसायचे, पण घेतलं नाही. तेव्हापासून औषधाच्या एका रिकाम्या डबीत मीठ कायमचं बॅगेत गेलं. शेजारी येसराची, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची पुडी. कुठल्याही मुलखात गरम पाणी मिळालं की येसराची आमटी होते आणि माणूस घरी असल्यासारखा झोपतो, असं त्यांचं म्हणणं.

पण बॅग ही अर्धीच तयारी. उरलेली अर्धी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात यादी. गॅस संपला तर कोण. लाइट गेली तर कोण. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, ते भरायला मामी घरी नसल्या तर कोण. दवाखाना लागला तर रिक्षावाला कोण, डॉक्टर कोण, सोबतीला कोण. प्रत्येक कामापुढं तीन-तीन नावं, एक नाही मिळालं तर दुसरं. मूलबाळ नव्हतं त्यांना. दोघंच. म्हणून ही यादी म्हणजे मामींचं अख्खं गणगोत होतं म्हणा ना.

मी एकदा ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "मामा, यात तुमचा नंबर कुठंय?"

"माझा कामून? मी परगावी. तिथनं मी काय रिक्षा आणू का काय? माझं नाव लिहिलं की ही आधी मलाच फोन करंल. आर्धा घंटा तिथंच गेला."

"अन् मला बी बरं हाय," मामी आतून ओरडल्या. "रिक्षावाला तरी पटकन येतो."

आम्ही तिघंही हसलो. पटण्यासारखंच होतं ते. त्यांचं सगळंच पटण्यासारखं असायचं, तीच तर गोची.

रोज सकाळी सातला त्यांचा फोन. दोन मिनिटं. "समदं बरं हाय?" "समदं बरं हाय." "मग ठेवतो." एवढंच. आणि त्याच्या मागं एक नियम होता. दौऱ्यावरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. आपल्याकडं जुनी माणसं हे पाळतातच. परगावच्या माणसाला 'तब्येत जरा बरी नाही, निघून ये' एवढंच कळवतात आणि खरं काय ते दारात आल्यावर. मामांनी ते अगदी कायदा करून टाकलं होतं. माणूस घरी आला, पाय धुतले, घोटभर पाणी प्याला, की मग सांगायचं. त्याच्या आधी ब्र काढायचा नाही.

त्याला कारणही होतं. आमच्याकडं दस्तगीरभाई म्हणून दुसरे फिटर होते. रायपूरकडच्या एका मिलमध्ये मामा आणि ते यंत्र चालू करत असताना दस्तगीरभाईंना घरून फोन आला की वडील गेले. फोन खिशात टाकून ते तसेच पुन्हा यंत्रापाशी उभे राहिले. दहा मिनिटांत हात पट्ट्यात. दोन बोटं गेली. गाडीत दोन दिवस त्यांचा फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन मामा बसले होते. परत आल्यावर आम्हा सगळ्यांना एका जागी बोलावून सांगितलं, "बाप तर परत आला न्हाई. बोटं मात्र गेली. कुणाला काय फायदा झाला त्या फोनचा?" आणि मला वेगळं गाठून म्हणाले, "घरून फोन तुझ्याकडं येतेत. तू शपथ घे." मी घेतली. हसत हसत घेतली.

नियमाची खरी चव मला माझ्याच दौऱ्यात कळली. इंदूरला यंत्रांचं प्रदर्शन होतं, आणि मालकांनी कधी नव्हे ते मला पाठवायचं ठरवलं. माझी आई जळकोटला एकटी. मी घाबरून गेलेले. मामांनी माझी बॅग भरून घेतली, माझ्याकडून तालीम करून घेतली, जळकोटला जाऊन आईच्या कपाटाला यादी चिकटवून आले. मी गेले. पाच दिवस रोज आईला फोन, रोज "बरं हाय माय, तू तुझं काम कर." स्टॉल असा झाला की मालक खूश.

परत आले तर बसस्टँडवर मामा. त्यांच्या घरी नेलं, पाय धुवायला लावले, पाणी दिलं. मग म्हणाले, तुझी आई तिसऱ्याच दिवशी अंगणात पडली, पाय मोडला, लातूरला आणून प्लास्टर घातलंय, आत झोपलीय, मामी तिचं सगळं करायलीय. मी काय थयथयाट केला त्या दिवशी! नाही नाही ते बोलले त्यांना. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस? इंदुरावरनं पाय जोडला असतास?"

मी आत जाऊन आईपाशी बसले. आणि खरं सांगते, आता लपवून काय करू, आतून मला ते आवडलं होतं. आईचा पाय मोडलेला असताना मी तिकडं मजेत होते आणि त्याचं पाप मला लागलं नव्हतं. कुणीतरी ते परस्पर उचललं होतं. त्या दिवसापासून मामांच्या नियमावर माझा विश्वास बसला. त्याचीच शिक्षा मी भोगतेय.

आसामचा दौरा निघाला तो पाऊस सरता सरता. तीन आठवड्यांचं काम. तालमीच्या दिवशी मी गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "पाव्हणे या खेपेला लई लांब चाललेत." तेवढंच. मामा त्यांच्या ताटलीत जेवत होते.

ते गेल्यावर आठव्या दिवशी, सोमवारी, मामींचा फोन आला. "सुनंदा, ताप हाय गं जरा. यांना बोलू नको हं." बुधवारी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. डेंग्यू. आणि यादी कशी धावली म्हणता! रिक्षावाला दहा मिनिटांत दारात. शेजारच्या गोदावरीबाई डबा घेऊन हजर. डॉक्टरांनी खाट ठेवलेली. घरी पाणी भरायला यादीतलं दुसरं नाव गेलं. एक माणूस चुकला नाही. मामा इथं असते तर त्यांनी याहून वेगळं काहीही केलं नसतं, असं मी माझ्या मनाला सांगत होते.

गुरुवारी सकाळी सातला मी खाटेपाशी होते. फोन वाजायच्या आधी मामी उठून बसल्या. सलाइनचा हात मांडीवर ठेवला, दोन-तीनदा घसा खाकरला, पाणी प्यायल्या. फोन घेतला. "समदं बरं हाय," एकदम खणखणीत. "तुमचं येसर संपलं का? न्हाई? मग ठेवा." फोन ठेवला आणि आडव्या झाल्या त्या पुन्हा स्वतःहून उठल्या नाहीत.

दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "यांचे मिस्टर कुठं असतात? बोलावून घ्या." मी ऑफिसला आले आणि कॉम्प्युटर उघडला. गुवाहाटी ते हैदराबाद, दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. तिथून पुढं गाडीनं दुपारपर्यंत लातूर. जागा होती. खिडकीची होती. मी नाव भरलं, वय भरलं. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं, आणि अर्थात मामांना एक फोन.

मालकांना विचारलं, ते म्हणाले, उद्या उतार पडेल, उगा त्याला हलवू नको, यंत्र अर्धं उघडं आहे. गोदावरीबाई म्हणाल्या, त्यांनीच तर सांगून ठेवलंय ना. मलाही दस्तगीरभाईंची बोटं दिसत होती. पण ही सगळी दुसऱ्यांच्या डोक्यावर खापर फोडायची नाटकं आहेत. माऊस माझ्या हातात होता. मी ते पान बंद केलं.

शुक्रवारी सकाळी सातला मामींना बोलता येत नव्हतं. फोन मी घेतला. आणि देवा, मी काय बोलले! "मामा, मामी माहूरला गेल्यात, गोदावरीबाईंसोबत. गडावर रेंज नाही, फोन माझ्यापाशी ठेवून गेल्यात."

ते मनापासून हसले. "बरं झालं बघ. किती वर्सांपासून म्हणायली होती. माझ्यामुळंच राहायलं होतं." आणि नियमाप्रमाणं दोन मिनिटांत फोन ठेवला.

दुपारी मामींनी डोळे उघडले. मला जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता, मी कान तोंडापाशी नेला. "निघाले का?"

"हो मामी, निघाले."

"कुठवर आले?"

मी तिकिटं काढणारी बाई. मला सगळे रस्ते पाठ. "हैदराबादला उतरले," मी म्हणाले. "आता गाडीत बसलेत."

"मग येतेत दिस मावळायला," म्हणाल्या आणि मान दाराकडं वळवली. मी जर ते बटण दाबलं असतं तर माणूस त्या वेळी खरंच त्या दारात उभा असता. सहाच्या आत त्या गेल्या. मान दाराकडंच होती.

तरीही आम्ही मामांना सांगितलं नाही. एकदा खोटं बोललं की थांबायचं कुठं, ते कळत नाही. मामांच्या एका पुतण्यानं अग्नी दिला. सकाळी सातचा फोन मीच घ्यायची, मामी अजून गडावरच आहेत म्हणायची. मालकांनी मामांना कळवलं की दुसरं तातडीचं काम आहे, हे तसंच ठेवून निघून ये. मंगळवारी दुपारी नांदेडला त्यांची गाडी लागणार होती. ऑफिसची जीप घेऊन मी गेले. मी जाते म्हणाले. दुसरं कुणी तयारच नव्हतं.

डब्यातून उतरले, खांद्याला बॅग, मजेत. "काय गं, मला आणायला जीप? मालक जावई समजायला लागला का काय?" जीपमध्ये बसल्यावर बॅगेतून एक साडी काढून दाखवली, पांढरी, लाल काठाची. "तिकडल्या बायका नेसतेत. हिला पांढरं आवडत न्हाई, पर काठ बघ." मग म्हणाले, "माहूरचा प्रसादाचा तांबूल ठेवलाय का तिनं माझ्यासाठी, का खाऊन टाकला?"

लोहा मागं पडलं. लातूर अजून दोन तासांवर. घरी गेल्यावर सांगायचं ठरलेलं होतं, पण ते तांबुलाचं ऐकल्यावर माझ्यानं राहवेना. बाटली पुढं केली. "मामा, घोटभर पाणी प्या."

त्यांनी बाटली हातात घेतली. झाकण काढायला गेले आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. "आपण घरी न्हाई पोचलो आजून," ते म्हणाले. "पाणी कामून देयलीस?"

मी रस्त्याकडं बघायला लागले.

"कोण?" त्यांनी विचारलं. त्यांना एकच तर माणूस होतं.

पाणी ते प्याले नाहीत. बाटली दोन्ही हातांत धरून बसले. अहमदपूर आलं तेव्हा विचारलं, "कवा?" मी सांगितलं, शुक्रवारी. त्यांनी मनात काहीतरी जुळवलं. शुक्रवारी सकाळचा फोन. त्यांचं स्वतःचं हसणं आठवलं असेल. मग विचारलं, "काय म्हणली का?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "निघाले का, विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हणाले. हैदराबादला उतरले म्हणाले."

त्यांनी मग मान हलवली. "बराबर केलंस," म्हणाले. "मीच शिकवलतं."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. आयुष्यभर उपकार मानले असते. पण ते चिडलेच नाहीत. चिडलेल्या माणसानं यंत्राला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस. त्या दिवसानंतर त्यांनी यंत्राला हात लावलाच नाही.

मालकांनी स्टोअरमध्ये बसवलं. नटबोल्ट मोजून द्यायचं काम. दौऱ्याला निघालेला एक नवा फिटर त्यांच्याकडं गेला, सगळ्यांनी सांगितलं होतं ना, मामा बॅग भरून देतात. मामा म्हणाले, "फोन चालू ठेव. अन् घरच्यांना सांग, काहीबी झालं तर आधी तुलाच सांगायचं." त्यानं विचारलं, "आणि बॅगेत काय काय घेऊ?" मामा पुन्हा नटबोल्ट मोजायला लागले.

निवृत्तीच्या कागदावर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले, ते शेवटचं बघणं. त्यानंतर ते उदगीरकडं बहिणीच्या गावी गेले आणि मी काही जाऊ शकले नाही. धीर झाला नाही म्हणा. सकाळी अकराची वेळ. बाजेवर ती बॅग उघडी. बॅगेतली चादर अंथरलेली. मामा भिंतीला टेकून त्याच ताटलीत वरणभात खात होते, शेजारी औषधाच्या डबीतलं मीठ.

मला वाटलं, बरं झालं, माणूस पुन्हा बाहेर पडतोय. "कुठं निघालात मामा?"

"कुठं न्हाई." त्यांनी स्वयंपाकघराकडं हात केला. "तिथलं काही घेत न्हाई मी. हात लागला की वस्तूंच्या जागा बदलतेत. तिनं ठेवलंय तसं ऱ्हाऊ दे."

म्हणजे इतके दिवस हा माणूस स्वतःच्या घरात पाव्हणा होऊन राहत होता. चहा हवा का विचारणारं मात्र कुणी नव्हतं. मला हुंदका आला. तो लपवायला म्हणून मी आत गेले, पाणी पिते म्हणाले, आणि पेल्यासाठी कपाट उघडलं.

दाराला आतून यादी तशीच होती. गॅस, लाइट, नळ, दवाखाना. तीन-तीन नावं, निळ्या शाईत. आणि अगदी वर, कागदाला जागा नव्हती तिथं कपाटाच्या लाकडावरच, काळ्या पेननं, गिरवून गिरवून लिहिलेलं: अनसूयाला बरं नसलं तर व्यंकट. कुठंही असला तरी. आधी ह्यालाच.

मी वळले तर मामा दारात उभे, हातात उष्टी ताटली.

"मामा, हे..." मी म्हणाले.

"ऱ्हाऊन गेलतं लिहायचं," ते म्हणाले, आणि पुढं होऊन त्यांनी कपाट हळूच लावून घेतलं.